देव मानणं आणि देवाला मानणं

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी कानबाई बसते. खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. कानबाई म्हणजे नथ, दागिने आणि साडी चढवून पाटावर बसवलेलं नारळ. रात्रभर गाणी, फुगड्या चालतात आणि सोमवारी वाजतगाजत तिला नदीवर पोचवतात. तिच्या नैवेद्याला रोट लागतात. आमच्याकडे रोटांचे गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ असे मोजून घेतात. हे रोट भाऊबंदकीतच खायचे असतात, बाहेर द्यायचे नसतात.

गेल्या श्रावणात माय सूप घेऊन गहू निवडत बसली होती. पुण्याला शिकणारी पुतणी सुट्टीला आलेली, ती शेजारी येऊन बसली. बसल्या बसल्या म्हणाली, "काका, हे सगळं भीतीतून आलंय ना? आदिमानव विजेला घाबरला आणि त्याने देव तयार केला. वर्गात परवा हेच चाललं होतं."

मायने मान वर केली नाही. म्हणाली, "कसानं भेव, बाई? वरीसमा एकदाव येस ती. पाव्हनीनं कोनले भेव वाटस का?" (कसली भीती, बाई? वर्षातून एकदा येते ती. पाहुणीची कुणाला भीती वाटते का?)

मला दोघींचंही पटलं, आणि तेच खटकलं. एकाच गोष्टीवर दोन उलट मतं असतील तर दोन्ही खरी कशी असतील? बराच विचार केल्यावर वाटलं, त्या दोघी एका गोष्टीबद्दल बोलतच नव्हत्या. माणसाच्या मनात देव आला कुठून, आणि देवाला मानणं म्हणजे नेमकं काय, या प्रश्नांवर अडीच हजार वर्षं मोठमोठी माणसं भांडत आली आहेत. त्यांच्याही भांडणात पुष्कळदा हाच घोळ आहे. तो सोडवायचा हा प्रयत्न.

आधी दोन प्रश्न वेगळे करू

स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने १७५७ साली धर्माच्या नैसर्गिक इतिहासावर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या सुरुवातीलाच तो सांगतो की धर्माबद्दल दोन प्रश्न विचारावे लागतात. एक, धर्माला बुद्धीचा आधार आहे का? दोन, माणसाच्या स्वभावात धर्माचा उगम कुठे आहे? पहिला प्रश्न खरं-खोटं विचारतो, दुसरा इतिहास विचारतो.

बोअरचं उदाहरण घेऊ. आपल्याकडे बोअर मारायच्या आधी पाणाड्या बोलावतात. तो तळहातावर नारळ ठेवून शेतातून फिरतो, नारळ उभं राहिलं की म्हणतो, इथे मारा. आता त्याला असं का वाटतं, हा एक प्रश्न. बापाकडून शिकला असेल, दहा ठिकाणी पाणी लागलेलं लक्षात राहिलं आणि कोरडी गेलेली वीस ठिकाणं विसरला असेल. पण त्या जागी पाणी आहे की नाही, हा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर पाणाड्याच्या डोक्यात सापडणार नाही, मशीन लावल्यावर जमिनीत सापडेल. त्याची समजूत चुकीच्या वाटेने आली हे सिद्ध झालं, म्हणून तिथे पाणी नाहीच असं ठरत नाही.

समजूत कुठून आली हे दाखवलं की ती खोटी ठरली, असं मानण्याला उगमाचा तर्कदोष म्हणतात. पुतणीच्या वर्गात हाच दोष घडला होता. पण याची दुसरी बाजू आपण सोयीने विसरतो. "हे आमच्या पूर्वजांपासून चालत आलंय, म्हणजे खरंच असणार" हासुद्धा तोच दोष आहे. तो फक्त उलट्या दिशेने जातो. समजूत जुनी आहे यावरून ती खरी ठरत नाही आणि भीतीतून आली यावरून खोटी ठरत नाही. हे एवढं पक्कं धरलं तर पुढचं सगळं सोपं जाईल.

भीतीचा सिद्धांत खरं म्हणजे काय सांगतो

ह्यूमचं म्हणणं विजेच्या गोष्टीपेक्षा बरंच खोल आहे. माणूस आभाळाकडे पाहून थक्क झाला आणि त्यातून धर्म निघाला, असं तो म्हणत नाही. त्याच्या मते धर्म निघाला रोजच्या काळजीतून. पीक येईल का, लेकरू वाचेल का, शत्रू चालून येईल का? ज्या कारणांवर आपलं सुखदुःख लटकलेलं आहे ती दिसत नाहीत, म्हणून माणूस त्यांना मनुष्यासारखं रूप देतो आणि त्यांच्याशी बोलू लागतो. भीतीइतकंच तो आशेलाही महत्त्व देतो.

याला पुढे एक चांगला दाखला मिळाला. ब्रॉनिस्लाव मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअंड बेटांवर राहिला. तिथले लोक दोन ठिकाणी मासे धरत. किनाऱ्याजवळच्या शांत उथळ पाण्यात मासे हमखास मिळत आणि धोका नसे. तिथे कुणी मंत्रतंत्र करत नसे. खुल्या समुद्रात जायचं असलं की मात्र सगळे विधी यथासांग होत. म्हणजे हीच माणसं जिथे कौशल्य पुरतं तिथे कौशल्यावर विसंबत. जिथे ते संपतं तिथे त्यांचा मंत्र सुरू होई.

रावेर-यावलकडचा केळीवाला ठिबकच्या पाण्याचं आणि खताचं वेळापत्रक कागदावर लिहितो. त्यासाठी तो नवस बोलत नाही. पण घड भरत आले असताना वादळ सुटलं की उभी बाग तासाभरात आडवी होते, आणि त्या तासात तोच माणूस हात जोडून उभा असतो. पारोळा-अमळनेरकडे कोरडवाहू कापूस करणाऱ्याला तर तो तास जून ते सप्टेंबर पुरतो. दोघांच्या बुद्धीत फरक नाही. आपल्या हातात किती आहे, यात फरक आहे. म्हणूनच "शेतकरी अडाणी, म्हणून देवभोळा" हे वाक्य मला फार उथळ वाटतं.

तरी माय म्हणते ते उरतंच. भीतीचा सिद्धांत नवस समजावतो, पण पोळा समजावत नाही. बैलाची शिंगं रंगवून त्याला पुरणपोळी भरवताना कुणाला कशाचं भय वाटतं? तिथे कृतज्ञता असते. कानबाईच्या रात्री तर निव्वळ आनंद असतो. भीती हा धर्माचा एक झरा आहे खरा, पण सगळी नदी त्याच झऱ्यातून निघाली असं म्हणता येत नाही.

अंधारात कुणीतरी आहे

दुसरा सिद्धांत आपल्या डोळ्यांबद्दल आहे. रात्री मोटार चालू करायला केळीच्या बागेतून चाललात आणि पानं सळसळली, तर पहिला विचार काय येतो? वारा आठवत नाही. बिबट्या आठवतो, नाहीतर माणूस. नव्वद वेळा तो वाराच निघतो. पण वाऱ्याला बिबट्या समजून पळालेला माणूस फार तर धापा टाकत घरी पोचतो. बिबट्याला वारा समजून थांबलेला पोचत नाही. आपण सगळे पळालेल्यांचे वंशज आहोत, असं आजचे काही मानसशास्त्रज्ञ मांडतात. हालचाल दिसली की तिच्यामागे कुणीतरी हेतू असलेलं आहे असं धरून चालण्याकडे मेंदूचा कल असतो, आणि आजारामागे, दुष्काळामागे, नशिबामागे कुणीतरी दिसू लागतं ते याच कलामुळे, असं त्यांचं म्हणणं आहे.

ही कल्पना पूर्ण नवी नाही. दोरीला साप समजण्याचा दृष्टान्त आपल्या वेदान्तात शेकडो वर्षं चालत आला आहे. ग्रीसमध्ये झेनोफानीस नावाच्या कवीने सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी म्हटलं होतं की इथिओपियाच्या लोकांचे देव काळे आणि नकट्या नाकाचे असतात, थ्रेसच्या लोकांचे निळ्या डोळ्यांचे आणि लाल केसांचे. बैल-घोड्यांना हात असते तर त्यांनी बैलाच्या आणि घोड्याच्या रूपातले देव काढले असते. आपल्या कानबाईला खान्देशी नथ असते, हे त्याला सांगितलं असतं तर त्याने मान डोलावली असती. तरीही झेनोफानीस नास्तिक नव्हता. माणसासारखा नसलेला एकच थोर देव आहे, असं तो म्हणत होता. देवाचं चित्र आपण आपल्यासारखं काढतो, एवढाच त्याचा मुद्दा. चित्रामागे कुणी आहे की नाही, हा ह्यूमचा पहिला प्रश्न तसाच राहतो.

इंग्लंडच्या एडवर्ड टायलरने १८७१ मध्ये या विचाराला शास्त्राचं रूप दिलं. झाडात, डोंगरात, जनावरात जीव किंवा आत्मा आहे असं मानणं हे धर्माचं सर्वांत जुनं रूप, असं तो म्हणाला. सातपुड्यातल्या आपल्या आदिवासी बांधवांचा वाघदेव पाहून कुणालाही टायलर पटेल. पण टायलरने याला मानवजातीची बाल्यावस्था ठरवलं, आणि तिथे माझा त्याला ठाम विरोध आहे. ज्या डोंगरात वाघ खरोखर होता, तिथे वाघाची वेस ठरवून, त्याला मान देऊन जगणं यात जंगलात राहण्याचा एक करार दिसतो. लंडनमध्ये बसून तो करार पोरकट वाटणं सोपं होतं.

आरसा, उसासा आणि इच्छा

एकोणिसाव्या शतकात जर्मनीत लुडविग फॉयरबाख याने १८४१ मध्ये सांगितलं की देव हा माणसाचा आरसा आहे. दया, ज्ञान, प्रेम, सामर्थ्य हे आपलेच चांगले गुण आपण काढून आभाळात ठेवतो, अमर्याद करतो आणि मग त्यांच्यासमोर आपण किती क्षुद्र म्हणून गुडघे टेकतो. घरातलं सगळं सोनं सावकाराकडे ठेवून सावकार किती श्रीमंत म्हणावं, तसं काहीसं.

कार्ल मार्क्सने पुढचा प्रश्न विचारला. माणसाला असं करावं का लागतं? त्याचं "धर्म ही लोकांची अफू आहे" एवढंच वाक्य लोकांना पाठ असतं. त्याच्या अलीकडची ओळ फार थोड्यांनी वाचलेली असते. धर्म हा पिचलेल्या जिवाचा उसासा आहे, निष्ठुर जगाचं काळीज आहे, असं तो तिथे म्हणतो. त्या काळी अफू हे वेदनेवरचं औषध होतं. मार्क्सचा राग औषधापेक्षा जखमेवर आहे.

याला आपल्या मातीतून एक आक्षेप येतो. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केलं आणि दार उघडलं. त्यांनी ज्या श्रद्धेच्या बळावर अन्न सोडलं, तिला झोपेचं औषध म्हणता येईल का? तीच श्रद्धा दार बंद ठेवणाऱ्यांच्याही तोंडी होती, हेही तितकंच खरं. म्हणजे श्रद्धा माणसाला झोपवू शकते आणि उठवूही शकते. मार्क्सने यातली एक बाजू नेमकी पाहिली, दुसरीला पुरेसं वजन दिलं नाही.

मनोविश्लेषक सिग्मंड फ्रॉइडबद्दल थोडक्यात. १९२७ मध्ये त्याने धर्माला भ्रम म्हटलं, कारण त्यामागे संरक्षण करणाऱ्या बापाची बालपणीची ओढ आहे. पण भ्रम या शब्दाचा त्याचा अर्थ खोटं असा नव्हता. इच्छेतून जन्मलेली समजूत, असा होता. एखाद्या साध्या घरच्या मुलीला वाटतं की राजपुत्र येऊन मागणी घालेल. हा भ्रम आहे, पण अशक्य नाही, हे उदाहरण त्याने स्वतः दिलं आहे. म्हणजे फ्रॉइडलाही उगमाचा तर्कदोष ठाऊक होता. त्याचं नाव घेऊन वाद घालणाऱ्यांना मात्र तो पुष्कळदा ठाऊक नसतो.

सव्वा मूठ कुणाची?

फ्रान्सच्या एमिल दुर्खीमने १९१२ मध्ये दिशाच बदलली. तो म्हणाला, धर्म एकट्या माणसाच्या डोक्यात शोधू नका, गर्दीत शोधा. ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या कुळांची माहिती अभ्यासून त्याने मांडलं की प्रत्येक कुळाचं एक चिन्ह असतं, प्राणी किंवा वनस्पती, आणि ते पवित्र मानलं जातं. एरवी विखुरलेले लोक एकत्र येतात, नाचतात, गातात, तेव्हा अंगात एक उधाण येतं. आपल्यापेक्षा मोठं काहीतरी आपल्याला उचलून नेतंय असं वाटतं, आणि ते वाटणं खोटं नसतं. ती शक्ती खरीच असते, फक्त ती समाजाची असते. सैनिक झेंड्यासाठी मरतो तेव्हा तो कापडासाठी मरत नाही, हा दाखला दुर्खीमचाच.

कानबाईची रात्र ज्याने पाहिली त्याला दुर्खीम वेगळा शिकवावा लागत नाही. सुरत, पुणे, नाशिकला पांगलेले भाऊबंद त्या रविवारी गावात असतात. वर्षभर बांधावरून बोलणं बंद असलेले दोन चुलतभाऊ एका ताटातले रोट मोडतात. रोट बाहेर द्यायचे नाहीत या नियमातच "आपण" म्हणजे कोण, हे लिहिलेलं आहे.

मी हे पुतणीला सांगत होतो, जरा उत्साहाने. ती मायच्या हाताकडे बघत होती. माय मूठ भरायची, वर पाव मूठ सोडायची, नाव घ्यायची. घरातल्या सगळ्यात थोरल्यापासून सुरू होऊन माझ्या धाकट्या पुतण्यापर्यंत, जो तेव्हा रांगत होता. मग सूप बाजूला सरकलं.

"माझी मूठ?" पुतणीने विचारलं.

माय म्हणाली, तू परक्या घरची, लग्न झाल्यावर तिकडची होशील.

"तिकडेसुद्धा पुरुषांच्याच मुठी मोजतील ना, आजी? मग मी कुठली?"

मायजवळ उत्तर नव्हतं आणि माझ्याजवळही नव्हतं. दुर्खीमवर घेतला जाणारा सगळ्यात अवघड आक्षेप त्या सुपाजवळ मी ऐकला. विधी हा समाजाचा आरसा असेल तर त्यात समाजाचा अन्यायही जसाच्या तसा दिसणार. रात्रभर गाणाऱ्या बायका, रोट भाजणाऱ्या बायका, कानबाई स्वतः बाई, आणि मोजणीत बाई नाही. पण हाच सिद्धांत एक वाटही मोकळी करतो. मोजणीचा नियम समाजाने केला असेल तर समाजाला तो बदलता येतो. त्यासाठी देव नाही असं सिद्ध करत बसायची गरज नाही.

दुर्खीमवरचा दुसरा आक्षेप अमेरिकेच्या विल्यम जेम्सच्या लेखनातून निघतो. गर्दीने धर्म समजतो, तर पहाटे एकटीच तुळशीपाशी उभी राहून पुटपुटणारी बाई काय करत असते? जेम्सने १९०२ मध्ये धर्माचा शोध नेमका तिथे घेतला, माणूस एकटा असताना त्याला जे अनुभव येतात त्यांत.

आपल्याकडचे लोक काय म्हणत होते?

हे सगळे पाश्चात्त्य, आपल्याकडे सगळे भाविकच, असं कुणाला वाटत असेल तर ते साफ चूक आहे. अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. कृष्णचंद्र भट्टाचार्यांसारखा मोठा तत्त्वज्ञ १९३० च्या दशकात तिथे संचालक होता, आणि इंग्रजीतलं तत्त्वज्ञानाचं त्रैमासिक तिथून निघत असे. बोरी नदीकाठच्या एका लहान शहरात देशभरातले अभ्यासक आत्मा आणि ब्रह्म यांवर वाद घालत होते. याच अमळनेरला मंगळवारी मंगळग्रह मंदिरात रांगा लागतात. दोन्ही एका गावात नांदतात, आणि मला दोन्हींचं अप्रूप आहे.

आपल्या परंपरेत चार्वाक होते. डोळ्यांना दिसतं तेच ज्ञान, असं म्हणणारे. चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रह या वेगवेगळी दर्शनं मांडणाऱ्या ग्रंथात पहिलाच मान त्यांच्या मताला मिळाला आहे, खंडनासाठी का होईना. त्यातला एक युक्तिवाद अजून बोचतो. श्राद्धात दिलेल्या अन्नाने मेलेल्याची तृप्ती होत असेल, तर प्रवासाला निघालेल्याने शिदोरी कशाला घ्यावी? घरीच कुणाला तरी जेवू घालावं, त्याचं पोट आपोआप भरेल.

पूर्वमीमांसा तर अजून चकित करते. यज्ञकर्मावर एवढी निष्ठा असलेलं दुसरं दर्शन नाही, पण जग निर्माण करणारा ईश्वर त्यांना मान्य नाही. कर्माचं फळ कर्मातूनच निघतं, मध्ये कुणी देणारा लागत नाही. सांख्य दर्शनाच्या सांख्यकारिका या ग्रंथात जगाची सगळी मांडणी ईश्वराचं नाव न घेता झाली आहे. जैन आणि बौद्ध विचारातही जगाचा निर्माता नाही. उलट बाजूने दहाव्या शतकात न्यायदर्शनाच्या उदयनाचार्यांनी ईश्वर सिद्ध करायला एकामागून एक अनुमानं रचली. घडा आहे तर कुंभार हवा, तसं जग आहे तर कर्ता हवा. या अनुमानावर बौद्ध आणि मीमांसक तुटून पडत.

यातून एक गोष्ट निघते जी युरोपातल्या सिद्धांतांत पुष्कळदा निसटते. त्यांनी धर्म म्हणजे ईश्वरावरचा विश्वास असं धरलं आणि त्या विश्वासाचं मूळ शोधलं. आमच्या शेजारचं जैन कुटुंब पर्युषणात कडक उपवास करतं आणि जगाचा कर्ता मानत नाही. त्यांना धर्म नाही असं कोण म्हणेल?

मराठीतला एक "ला"

आता मायकडे परत येऊ. मराठीत आपण दोन गोष्टी बोलतो. "तो देव मानतो" आणि "तो देवाला मानतो." एका "ला"चा फरक आहे. देव मानणं म्हणजे देव आहे असं मत असणं, जसं मंगळावर पाणी होतं असं मत असतं. त्याला पुरावा मागता येतो. देवाला मानणं म्हणजे नातं राखणं, जसं आपण थोरल्या भावाला मानतो. आपल्या भागात नवसालाही मानता म्हणतात, आणि लग्नात मानपान असतो. या सगळ्यांत मत कमी आणि वागणूक जास्त आहे.

पुतणी विचारत होती देव मानण्याबद्दल. माय बोलत होती देवाला मानण्याबद्दल. पाहुणी येणार आहे, तिची तयारी चालली आहे. तिच्या अस्तित्वाचा पुरावा मागणं मायला चुकीचं वाटलं नसतं, पण त्या वेळी ते असंबद्ध वाटलं असतं.

"मग पुरावा मागायचाच नाही का?"

मागायचा. आणि इथे मी कुणालाही सूट देणार नाही.

इंग्लंडचा गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड याने १८७७ मध्ये एका जहाजमालकाची गोष्ट सांगितली. जहाज जुनं, दुरुस्तीला आलेलं. मालकाला शंका होती, पण त्याने मनाची समजूत घातली की इतके वेळा सुखरूप आलं, देव सांभाळेल. जहाज प्रवाशांसकट बुडालं, मालकाने विम्याचे पैसे घेतले. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक असला तरी तो दोषी आहे, कारण तसा विश्वास ठेवायचा हक्क त्याने कमावला नव्हता. तो तर पुढे म्हणतो की जहाज सुखरूप पोचलं असतं तरीही तो दोषीच. चैत्रात सप्तशृंगीच्या गडाला निघणारी, टायर गुळगुळीत झालेली जीप मला या गोष्टीवरून आठवते. देवी सांभाळेल, असं म्हणत घाट चढणाऱ्या चालकाने टायर बदलायचा खर्च देवीच्या नावावर टाकलेला असतो.

जेम्सने १८९६ मध्ये क्लिफर्डला उत्तर दिलं. काही निर्णय असे असतात की पुरावा कधीच पुरा होत नाही आणि थांबणं हाही एक निर्णयच ठरतो. कुणाशी मैत्री करायची तर आधी विश्वास टाकावा लागतो, पुरावा नंतर तयार होतो. तिथे विश्वास ठेवायचा हक्क माणसाला आहे. मला दोघंही पटतात, आपापल्या जागी. टायरच्या बाबतीत क्लिफर्ड, मैत्रीच्या बाबतीत जेम्स. जे तपासता येतं आणि ज्यात दुसऱ्याचा जीव अडकला आहे, तिथे श्रद्धेचं नाव पुढे करू नये.

आणि आपल्या भागात जीव खरोखर अडकलेला आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात अजूनही एखाद्या विधवेला, एकट्या बाईला डाकीण ठरवतात. गावात लेकरू आजारी पडलं की बोट तिच्याकडे जातं. मघाचा अंधारातला बिबट्या आठवा. दुखण्यामागे कुणीतरी आहे असं धरून चालणारा मेंदू तोच, फक्त इथे त्याने शोधलेलं कुणीतरी शेजारच्या झोपडीत राहतं. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला. त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते असा आळ घेऊन तिचा छळ करणं या कायद्याने गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. हा कायदा देव आहे की नाही यावर एक शब्द बोलत नाही, आणि बोलायचं कारणही नाही. तापाचं कारण रक्त तपासून कळतं, भगताला विचारून कळत नाही.

"कानबाईला चालतं आणि डाकिणीला चालत नाही, ही सोयीची निवड नाही का?" असं कुणी विचारेल. मला वाटत नाही. कानबाईच्या गाण्यात आम्ही कुणावर आळ घेत नाही. जिथे विधी कुणाला बाहेर ठेवतो, तिथे कानबाईलाही प्रश्न विचारावेच लागतील, आणि सुपाजवळ एकीने विचारला आहे.

"काका, तुम्ही स्वतः मानता का?"

हे तिने आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला विचारलं, यंदा वैशाखात. खान्देशात आखाजीला पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर, तिच्यावर लोटी, लोटीवर डांगर, म्हणजे खरबूज. सकाळी उंबरठा धुऊन त्यावर एकेका पितराचं नाव घेत कुंकवाचं एकेक बोट उमटवायचं. दुपारी पुरणपोळी आणि आमरसाचा घास निखाऱ्यावर टाकायचा.

"आबा येऊन पाणी पितात, असं वाटतं तुम्हाला?" आबा म्हणजे माझे वडील.

"नाही," मी म्हणालो. चार्वाकाची शिदोरी मला कधीच परतवता आली नाही.

"मग घागर?"

ऑस्ट्रियाचा तत्त्वज्ञ लुडविग विट्गेनश्टाइन याने एके ठिकाणी लिहिलं आहे की माणूस प्रिय व्यक्तीच्या फोटोचं चुंबन घेतो. त्याने त्या व्यक्तीवर काही परिणाम होईल असं त्याला वाटत नसतं. त्यातून काही साधायचंच नसतं. आपण ते करतो आणि आपल्याला बरं वाटतं. अशा कृतीला चुकीचं विज्ञान म्हणणं म्हणजे फोटोचं चुंबन घेणाऱ्याला "अहो, तो कागद आहे" असं समजावणं. मी तिला हे सांगितलं. उन्हाळ्यात शेतातून आल्यावर माझे वडील पहिला तांब्या उभ्यानेच घटाघटा प्यायचे. वैशाखात त्यांच्या नावाने पाणी भरून ठेवताना माझा हात जड होतो. ते पितात असं मला वाटत नाही. ते भरल्याशिवाय मला राहवत नाही. हे मत नाही, त्यामुळे ते खरं की खोटं असं विचारता येत नाही. देव मानतो का, याचं माझं उत्तर दर काही वर्षांनी बदलत आलं आहे. घागर मात्र बदलली नाही.

ती काही वेळ गप्प राहिली. मग उंबरठ्याशी बसून तिने कुंकवाची वाटी ओढली. आबा, आबांचे वडील, त्यांचे वडील, अशी तीन बोटं मी आधीच उमटवली होती.

"आजी, आबांच्या आईचं नाव काय होतं?"

माय चुलीपाशी होती. तिला जरा वेळ लागला. मग तिने नाव सांगितलं. आमच्या घरात मी ते पहिल्यांदा ऐकलं. पुतणीने ते नाव मोठ्याने घेऊन चौथं बोट उमटवलं.